पुन्हा सांगा

टॅलो पॉइंटमध्ये स्वतःची वाखाणणी करणारा माणूस कुणालाच खपत नाही. शेवंडांनी भरलेले पिंजरे घेऊन एखादा तांडेल धक्क्याला लागला आणि कुणी विचारलं, की कसं काय, तर दोर बांधता बांधता तो 'वाईट नाही' एवढंच म्हणतो. आणि वणव्यात ज्याची सगळी कुंपणं जळून गेली तोही 'वाईट नाही, घर राहिलं' असंच म्हणतो. त्यामुळे मच्छीमार सोसायटीचा कारभार बघणाऱ्या आयव्हर प्रेंटिसनं जेव्हा ग्लेनिस हार्करला समोर बसवून विचारलं, की गेल्या वर्षातल्या तुझ्या कामाबद्दल तुझं स्वतःचं काय मत आहे, तेव्हा तीही सवयीनं म्हणाली, "वाईट नाही."

"ते झालं गावाला सांगायचं," आयव्हर म्हणाला. "मला खरं सांग."

ग्लेनिस वायरलेसच्या खोलीत बसे. सोसायटीच्या बर्फखान्यावर ती खोली आहे, आणि तिची एकुलती एक मोठी खिडकी थेट नदीच्या मुखाकडे उघडते, जिथे वाळूचा दांडा पाण्याखाली आडवा पसरलेला आहे आणि समुद्र कितीही शांत असला तरी लाटा त्या दांड्यावर येऊन फुटतातच. बाहेर जाणारी प्रत्येक बोट दांडा ओलांडताना वायरलेसवरून आपलं नाव, बोटीवर किती माणसं आणि परत कधी, एवढं सांगते. ग्लेनिसनं ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचं, आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्या बोटीची पितळी पाटी 'आत'च्या खिळ्यावरून काढून 'बाहेर'च्या खिळ्यावर अडकवायची. बोट परतताना पुन्हा बोलते, की पाटी परत आत. एखादी पाटी वेळ उलटून गेली तरी बाहेरच राहिली, तर शोधायला लाँच निघते. काम एवढंच, पण गावातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्यावर विसंबून असतं.

"माझं ऐकणं कमी पडतं," ग्लेनिस शेवटी म्हणाली. "कान ठीक आहेत, डॉक्टरला दाखवलेत. पण समोरचा बोलत असतो ना, तेव्हाच मी मनात उत्तर जुळवत असते. मग अर्धं निसटतं."

"आणि मग तू म्हणतेस, पुन्हा सांगा."

"मग मी म्हणते, पुन्हा सांगा."

"बोटींवर तुला काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"पुन्हासांगा बाई," ती म्हणाली. "बारसं माझ्याच भावानं केलंय."

आयव्हर हसला नाही. हिवाळ्याच्या तोंडाला 'लेडी जून'चा तांडेल डेस दांड्यावर असताना ग्लेनिसनं त्याला पुन्हा सांगायला लावलं होतं. बोलण्यासाठी त्यानं चाकावरचा एक हात काढला, तेवढ्यात मागून आलेल्या लाटेनं बोट आडवी झाली आणि डेसच्या दोन बरगड्या मोडल्या. डेसनं कधी बोल लावला नव्हता. उलट तिच्यासाठी मासे पाठवले होते, आणि ते तळताना ग्लेनिसला रडू आवरलं नव्हतं.

"सिडनीच्या कचेरीतली माणसं उन्हाळ्याआधी बघायला येणार आहेत," आयव्हर म्हणाला. "किनाऱ्यावरच्या सगळ्या खोल्या बंद करून तिकडे एकाच इमारतीतून ऐकायचं, असं चाललंय त्यांचं. तिथं बसलेल्या माणसानं आपला दांडा चित्रातसुद्धा बघितलेला नसणार. आपलं ऐकणं त्यांच्याहून चांगलं असेल तरच खोली राहील. नसेल तर मी काय तोंडानं भांडू?"

ग्लेनिसनं त्या दिवशी कानाला खडा लावला. पुन्हा सांगा, हे दोन शब्द यापुढे आपल्या तोंडून निघायचे नाहीत. माणसानं एकदा बोलावं आणि तिनं एकदाच ऐकावं. ती जिद्दीची बाई होती. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ नेव्हिल शाळेत होता. त्याचे डबे, त्याच्या मारामाऱ्या, पुढे त्याचं दारूचं एक वाईट वर्ष, हे सगळं तिनं एकटीनं निस्तरलं होतं आणि त्याला माणसात आणून बोटीवर उभा केला होता. त्यापुढे ऐकायला शिकणं म्हणजे काय मोठं, असं तिला वाटलं.

मग ती शिकायला लागली. खुर्चीत बसल्यावर आधी ओठ मिटायचे, मग मनातलं बोलणं मिटायचं. हे दुसरं फार अवघड होतं. मन म्हणजे धक्क्यावरच्या बेव्हच्या कँटीनसारखं, कुणी ना कुणी तिथं बोलतच असतं. पण ती रोज थोडं थोडं करून तिथली एकेक खुर्ची रिकामी करत गेली. प्रत्येक बोटीची खरखर वेगळी असते, हे तिला कळू लागलं. 'केस्ट्रेल'च्या तांडेलाला बोलण्याआधी खोकायची सवय आहे, डेस श्वास आत ओढतो, आणि नेव्हिल बटण दाबल्यावर क्षणभर गप्प राहतो, लहानपणी दारामागे लपून तिला घाबरवायच्या आधी राहायचा तसा. घरी ती रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून ठेवी आणि त्या फुसफुशीत बसून बटाटे सोली. नेव्हिल म्हणे, "अगं, गाणी तरी लाव. हे काय, उकळती किटली ऐकत बसलीयस."

"तू जेव," ती म्हणे.

हिवाळा सरेपर्यंत बोटींवर सगळ्यांच्या ध्यानात आलं, की पुन्हासांगा बाई पुन्हा सांगा म्हणत नाही. वारा असो, इंजिनाचा गोंगाट असो, ती एका दमात सगळं परत म्हणून दाखवी, आणि तांडेलांचे हात चाकावरच राहत. आयव्हर एकदा जिना चढून आला, बराच वेळ मागे उभा राहून ऐकत राहिला, आणि जाताना म्हणाला, "वाईट नाही, ग्लेनिस." टॅलो पॉइंटमध्ये याहून मोठं कुणाला काही मिळत नाही. ती दिवसभर तरंगत होती.

त्यानंतरच्याच आठवड्यात 'केस्ट्रेल' परत येत होती. तांडेल खोकला, म्हणाला की दांड्यावर आलोय, दोघं आहोत, सगळं ठीक. ग्लेनिसनं ते परत म्हणून दाखवलं. पलीकडे नुसतीच खरखर. मग तो हसत म्हणाला, "बाई, मी अजून तोंड उघडलं नव्हतं. आत्ता कुठं माइक हातात घेतलाय."

"मग काय झालं? तू रोज तेच तर बोलतोस," ती म्हणाली, आणि वायरलेसवर ऐकणारे सगळे आपापल्या बोटीवर हसले. तीही हसली. पण खोकला तिनं ऐकला होता.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. तिनं लक्ष ठेवलं. स्वतःच्या कामावर लक्ष ठेवायची तिला आता सवयच झाली होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की बोट बाहेर जाताना आपलं नाव-गाव सांगून गप्प झाली, की त्या पाठोपाठच्या शांततेत, फार आतून, त्याच बोटीचं परतीचं बोलणंही ऐकू येतं. सकाळी ऐकलेलं ते बोलणं दुपारी किंवा तिन्हीसांजेला बोट आली की जसंच्या तसं कानावर पडे. तोच खोकला, तीच थट्टा, मध्येच ओरडलेला तोच पक्षी. कधीच चुकलं नाही. मग तिनं स्वतःला विचारलं, की यानं काम बिघडतंय का? बिघडत नव्हतं. सुधारत होतं. तेव्हा ती आणखी नीट ऐकू लागली.

सिडनीहून माणसं आली त्या सकाळी 'लेडी जून' बाहेर गेली, आणि पाठोपाठच्या शांततेत ग्लेनिसला डेसचा श्वास ऐकू आला आणि मग शब्द: इंजिन बंद पडलंय, दक्षिणेच्या खडकांकडे वाहत चाललोय. तिनं लाँचच्या माणसांना बोलावून टाकी भरून दांड्यापाशी जाऊन थांबायला सांगितलं. "कशाला?" ते म्हणाले. "आज उगाच बसला आहात म्हणून," ती म्हणाली. डेसचा आवाज खरोखर आला तेव्हा लाँच दांड्यापाशी तयार उभी होती, आणि त्याला तांडेलकीत पहिल्यांदाच दोरानं ओढून आणलं, तेही बरगडी शाबूत. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातल्या एका बाईनं ग्लेनिसला विचारलं, की स्वतःच्या कामाला किती गुण देशील? ग्लेनिस म्हणाली, "अजून वाव आहे."

ते खरंच होतं. कारण आता पुढचं बोलणं इतकं स्वच्छ येई, की खरं बोलणं येई ते विटलेलं, पुन्हा गरम केलेल्या चहासारखं. ती आठवणीवर उत्तर देई. वायरलेसपुरतं असतं तर भागलं असतं, पण कँटीनमध्येही बेव्ह चहा घेणार का म्हणून विचारायच्या आत ती 'हो' म्हणून जाई, आणि बेव्ह कप पुसता पुसता थबकून म्हणे, "काय गं, आज मनातलं वाचतेस का?" आणि हेही ग्लेनिसनं दारातून आत येतानाच ऐकलेलं असे.

एके दिवशी तिनं 'केस्ट्रेल' आली असं ऐकलं, परत म्हणून दाखवलं, उठून पाटी 'आत'च्या खिळ्यावर लावली. आयव्हर नेमका खिडकीशी उभा होता.

"ग्लेनिस," तो हळूच म्हणाला, "'केस्ट्रेल' ती बघ. दांड्याच्या पलीकडे आहे अजून."

होती. निळ्या पाण्यात पांढरा ठिपका.

"पाटी आत लागली, की आपण त्यांचा विचार सोडतो," आयव्हर म्हणाला. "हे मी तुला सांगायला हवं का?"

नव्हतं सांगायला हवं. ती शरमेनं लाल झाली. पण हातपाय गाळून बसणं तिला जमत नसे. तिनं स्वतःला नियम घातला: कानानं ऐकलं तरी डोळ्यांनी बोट दिसेपर्यंत पाटी हलवायची नाही. हा नियम तिनं कधी मोडला नाही, आणि पुन्हा तशी चूक झाली नाही.

उन्हाळा लागला. ख्रिसमसच्या आधी शेवंडांना भाव येतो, म्हणून नेव्हिल पहाटेच उठून, ती जागी व्हायच्या आत, आमिष घेऊन धक्क्यावर बोटीची तयारी करायला गेलेला असे. त्या दिवशी ती खोलीत येऊन बसली तेव्हा वारा मुळीच नव्हता. समुद्र तेलासारखा पडून होता आणि दांड्यावरची लाटसुद्धा आळसावल्यागत फुटत होती. नेव्हिलची बोट धक्क्यावरून सुटली आणि मुखाकडे निघाली. बोटीचं नाव 'मॉरीन', आईच्या नावावरून.

"टॅलो पॉइंट, इथं 'मॉरीन'," त्याचं ते फिकट झालेलं बोलणं आलं. "एक माणूस, जेवायला परत. ऐकलंस ना बाई, की पुन्हा सांगू?"

"ऐकलं. 'मॉरीन', एक माणूस, जेवायला परत," ती म्हणाली, आणि पाटी बाहेर लावली.

मग ती थांबली. बोट दांडा ओलांडून गेली. शांतता झाली, खरखर पसरली, आणि त्या खरखरीतून काहीच आलं नाही.

तिनं हेडफोन कानांवर दाबले. डोळे मिटले. मनातली एकेक खुर्ची रिकामी केली. 'लेडी जून' बाहेर पडली, आणि पाठोपाठ तिचं परतीचं बोलणं आलं, डेसचा श्वास, बरोबर कुणाचं तरी हसणं. 'केस्ट्रेल' गेली, आणि परतीचा खोकला आला. सगळ्यांचं येत होतं. नेव्हिलचं तेवढं नव्हतं. आज आपलं ऐकणं कमी पडत असेल, आपलं काम बिघडलं असेल, अशी तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून आशा केली. पण काम बिघडलेलं नव्हतं. कान इतके लख्ख होते, की आयव्हर खाली धक्क्यावर होता तेव्हाच, तो वर येऊन काय बोलणार ते तिला ऐकू आलं.

तो आला. दम घेऊन म्हणाला, "खोली राहिली. आत्ताच सिडनीहून फोन होता. तुझ्यामुळे राहिली, ग्लेनिस, हे मी एकदाच बोलणार, पुन्हा नाही." आणि तिचा चेहरा बघून म्हणाला, "काय झालं?"

ग्लेनिसनं माइक ओढला. "'मॉरीन', मागे फीर. नेव्ह, परत ये."

खरखर.

"नेव्ह, ऐकतोयस ना? परत ये म्हटलं ना तुला."

खरखरच. तिनं बटण सोडलं, दाबलं, सोडलं. आयव्हर तिच्याकडे विचित्र नजरेनं बघत होता.

"अगं, त्याला उत्तर दे की," तो म्हणाला.

"कुणाला?"

आयव्हरनं भिंतीवरच्या लाउडस्पीकरकडे बोट केलं. "तो विचारतोय ना, का म्हणून? डोकं ठिकाणावर आहे का, विचारतोय. किती वेळ झाला विचारतोय."

ग्लेनिसनं हेडफोन काढले आणि स्पीकरकडे बघितलं. त्याच्या जाळीतून खरखर येत होती, आणि आयव्हर मान कलती करून ती खरखर ऐकत होता, माणसाचं बोलणं ऐकावं तशी, आणि मध्येच त्याला हसूही आलं. "शिव्यांत तुझा भाऊ कमी नाही हं," तो म्हणाला.

आवाज तिनं हलू दिला नाही. "नेव्ह," ती माइकमध्ये म्हणाली, "काय बोलतोयस ते मला कळत नाहीये, आणि कारणही मी सांगणार नाही. तुला आईची शपथ आहे. बोट फिरव आणि घरी ये."

मग ती खिडकीशी उभी राहिली. बराच वेळ तो ठिपका होता तिथंच राहिला. मग पाण्यावर पांढरी कमान उमटली आणि 'मॉरीन'चं नाक गावाकडे वळलं. ग्लेनिसनं खिडकीची चौकट धरून ठेवली. तेवढ्या शांत पाण्यात काय होणार होतं? तरी बोट दांड्यावर आली, उचलली गेली, खाली बसली, आणि आत नदीत शिरली, तोवर ती खिडकीतून हलली नाही. मागे आयव्हर माइकवर म्हणत होता, "ऐकलं, 'मॉरीन', एक माणूस, आत आलास." मग त्यानं वळून तिला विचारलं, "पाटी लावू?"

"नको," ती म्हणाली. "मी खाली जाते. तू खुर्ची सांभाळ."

धक्क्यावर ऊन होतं आणि मासे साफ करायच्या ओट्यापाशी पेलिकन ताटकळत उभे होते. बोट जवळ आली. नेव्हिल पुढच्या टोकाशी उभा होता, उन्हानं लाल झालेला, धडधाकट, भुवया चढवलेला. तो आला होता. तिनं त्याला आणला होता. तिला हसू यायला लागलं. त्यानं दोर फेकला, तिनं झेलला.

"ओरडू नकोस रे तिच्यावर, मी चहा टाकते," बेव्हचा आवाज आला. ग्लेनिसनं वळून बघितलं. कँटीनचं दार बंद होतं. मग ते उघडलं, बेव्ह हात पुसत बाहेर आली, आणि विटक्या आवाजात म्हणाली, "ओरडू नकोस रे तिच्यावर, मी चहा टाकते."

ग्लेनिस सावकाश बोटीकडे वळली.

नेव्हिल तिच्याकडे बघून बोलत होता. हातवारे करून बोलत होता, समुद्राकडे बोट दाखवून, मग कपाळावर हात मारून. मधूनच राग विसरून त्याला हसू फुटत होतं, आणि बेव्हही हसत होती. पाण्याची चपचप ऐकू येत होती. बर्फखान्याची घरघर ऐकू येत होती. त्याच्या बुटांखाली फळी करकरली, तीही. त्याचे ओठ हलत होते, आणि त्यांतून ना पुढचं काही येत होतं, ना आत्ताचं. सकाळची ती शांतता त्याच्याबरोबर धक्क्यापर्यंत आली होती, आणि धोका टळला की अजून पुढेच आहे, हे तिला सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

त्यानं धक्क्यावर यायला एक पाय उचलला. ग्लेनिसनं दोराचे वेढे हाताला दिले, पाय रोवले, आणि त्याच्या ओठांवरची नजर न काढता जिवाचा कान करून ती ऐकत राहिली.